व्याहीभोजनाचं कार्ड

नाही नाही, काळमेघसाहेब, पाकीट आत ठेवा आधी — व्याहीभोजनाचे पैसे मुलाकडच्यांनी द्यायचे म्हणजे मुलीच्या बापाची शोभाच की हो. या हॉटेलचं मशीन जुनं आहे, एवढंच — भैया, एक बार और लगाओ, आराम से — बसा तुम्ही, आमची मधुरा आणि बायका खाली पान घ्यायला गेल्यात, येतील सावकाश. तर हे कार्ड बँकेचं नाहीच मुळी, क्रिप्टोचं आहे. म्हणजे आपली नाणी — दिसत नाहीत ती, फोनमध्ये असतात — तिकडे खात्यात पडलेली, आणि इथे कार्ड लावलं की लागतील तेवढी त्या क्षणाच्या भावानं विकली जातात. हॉटेलवाल्याला रुपयेच मिळतात. भाव पडला तर? तर जास्त नाणी जातात, त्यात काय, पनीर तेवढंच येतं ना.

शाखा? शाखाच नाही हो, तीच तर मजा — पिपलानीच्या बँकेत रांगेत उभं राहून जन्म गेला माझा, पासबुक भरायचं तरी रांग, वर लंच टाइम. इथे काही अडलं तर फोनवर लिहायचं, लगेच उत्तर. आत्ताही आलंय बघा — 'आपले खाते तपासणीसाठी थांबवले आहे, संयमाबद्दल आभार.' किती नम्र माणसं. माणसं नसतील म्हणा, यंत्रच असेल, पण नम्र. काल रात्रीही हेच आलं होतं. परवाही. छे, कंपनी कशाला पळेल? परदेशातच आहे ती, पळून आणखी जाणार कुठे? आता बँक बुडाली तर थोडे तरी परत मिळतात, इथे ते नाही, हे मलाही ठाऊक आहे — कारखान्यात टर्बाइन जोडलेत मी, अगदीच अडाणी नाही.

सगळे नाही घातले हो, फक्त फंडातले. आणि ग्रॅच्युइटी. लग्नाच्या हॉलचे वेगळे काढलेत — म्हणजे आहेत त्याच खात्यात, पण मी मनात वेगळे ठेवलेत. आमच्या हिच्याकडे, शशिकलाकडे, यातलं काही बोलू नका हं, तिच्या मते ती एफडी आहे.

उठलात का? बसा ना, काळमेघसाहेब, फेरविचार वगैरे शब्द नको, पत्रिका वाटून झाल्यात, माझ्या पोरीचं काय होईल. अहो, मी काय आपल्या मनानं शिरलो यात? रोज संध्याकाळी आमच्याकडे चहा पिता पिता, 'बाबा, इथे दाबा, आता इथे दाबा' — कोण शिकवत होतं? तुमचा सत्यजितच. कार्डही त्यानंच काढून दिलं. दुसरा कुणी असता तर मी शंभर प्रश्न विचारले असते, पण होणाऱ्या जावयाला पावती मागतात का कुणी? आणि म्हटलं, त्यानं स्वतःचे घातलेत तर — म्हणजे तुमचे. अयोध्या नगरच्या फ्लॅटसाठी दिलेत ना तुम्ही, तेच. तुम्हाला सांगू नका म्हणाला होता.

पाणी घ्या. — भैया, साहब को पानी देना, और मशीन रहने दो अभी। — फोन लावताय त्याला? लावा, लावा. आज जेवायला येतो म्हणाला होता, ऐन वेळी ऑफिसचं काम निघालं.

वाजतोय ना नुसता? हो. माझाही नाही उचलला.