कोरी ओळ

मित्रहो, भर उन्हात आपण भास्कररावांच्या शोकसभेला डोंबिवलीच्या या शाळेच्या सभागृहात आलात. तीस वर्षं मराठी शिकवताना मला शब्दांची अडचण कधी पडली नाही. आज पडते आहे. तेव्हा थोडक्यात बोलते.

भास्कररावांच्या कविता दुर्बोध आहेत, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. ते म्हणत, एकदा मोठ्यानं वाचून पाहा. मी कधी वाचल्या नाहीत. मग त्यांनी पद्यनाटक लिहिलं आणि मला प्रॉम्प्टर केलं. मोठ्यानं वाचावंच लागलं.

तालमी इथेच झाल्या. त्यांची रीत अशी, की नटाला ओळ एका दमात म्हणता आली नाही, तर दोष ओळीचा. तिथल्या तिथे काट मारायचे. स्वतःच्या ओळीला! असा कवी मी दुसरा पाहिला नाही. आईच्या भूमिकेला त्यांनी कोलशेतहून हिराबाईंना आणलं. मासळी विकणाऱ्या हिराबाई. आज समोर बसल्या आहेत. वाचता येत नसे. ऐकून पाठ करायच्या.

नाटकात खाडीत गेलेल्या मुलाची आई वाट पाहते आहे. म्हणते, "पाणी आलं. होडी आली. तू?" पुढे वहीत एक ओळ कोरी. मग, "भात निवतोय."

पहिल्या प्रयोगाला हिराबाई "तू?" म्हणून थांबल्या. थांबूनच राहिल्या. कोणी खोकलं. मला वाटलं, बाई विसरल्या. मी विंगेतून पुढची ओळ दिली. खणखणीत, वर्गात देते तशी. लोक हसले. नाटक तिथेच पडलं.

हिराबाई मला म्हणाल्या, "बाय, मी इसरले नव्हते. पोराला हाका मारीत होते. तुलाच दम नाय."

भास्करराव रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, ती कोरी ओळ लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले."

पुढचा प्रयोग ठाण्याला. मी वही मिटली आणि तिच्यावर बसले. हो, बसले. हिराबाई "तू?" म्हणाल्या. थांबल्या. पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मग तोही येईनासा झाला. भरलेलं नाट्यगृह त्या आईबरोबर खाडीकडे बघत होतं. शब्द एक नव्हता, आणि लय सुटली नव्हती. मी आयुष्यभर वृत्तं शिकवली. हे माणसाला सुचतं कसं? मला अजून कळलेलं नाही.

आता उभे राहू या. त्यांची ती ओळ आपण सगळे मिळून म्हणू. किती वेळ, ते हिराबाई ठरवतील. त्या बसल्या, की बसायचं.

मी मध्ये बोलणार नाही.