बसऱ्याच्या कचेरीतली हाक

बरं, लिही हिरा. तू माज्या धाकट्या भावाची बायको, ह्या घरात आलीस तवापासनं मला आक्का म्हणतीस, आन् एवढ्या वरसांत मला एक सवाल केला न्हाईस, बोलायची लाज तुला, आन् आज भांडी घासता घासता म्हणतीस, आक्का, तुमी त्या परमुलखात कशा ऱ्हायला ते सांगा, मी लिहून ठेवते. ठेव. चार यत्ता शिकलीस त्या वाया घालवू नकोस. मला तर अक्षर म्हंजे मुंग्यांची रांग.

आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं. मी आईच्या पोटात असतानाच त्या गावातनं भायेर पडले, म्हंजे जल्माच्या आदीच मुलूख सोडलेली बाई हाय मी. लोकांनी दारं, वासे, कवलं गाडीत घातली, आन् आईनं म्हणं तुळशीचं रोप पदरात घेतलं. मंग बाप हितं कासार आंबोलीत आला, आदी दुसऱ्याचं भात लावलं, मंग आपलं लावलं. माज्या आदीची दोन जगली न्हाईत, म्हणून माजं नाव धोंडा ठेवलं. धोंड्याला कोण उचलून नेतंय, म्हणून. आन् खरंच कुणी नेलं न्हाई, बघ, अजून हितंच हाय.

लगीन भूगावला झालं. ताटात तांदूळ पसरले, भटजीनं नवऱ्याचं बोट धरून त्यात रेघोट्या वढल्या, आन् सासू म्हणाली, आजपासनं तू सरस्वती. तिला धोंडा म्हणायची लाज वाटायची, म्हणायची, घरात दगड आणला का सून आणली. आन् मला तर अ का ठ कळंना. पाणवठ्यावर बाया हसायच्या, काय गं सरस्वती, आज पोथी न्हाई आणलीस व्हय, नुसतीच घागर. मी बी हसायची. पण मूल झालं न्हाई. मंग त्यांनी दुसरी केली, तिचं नाव पार्वती ठेवलं, आन् एका सकाळी दीर मला बापाच्या दारात सोडून गेला, पाणीबी प्याला न्हाई. त्या दिवशी मी ठरवलं, सरस्वती मेली. त्या नावानं कुणी हाक मारली तर मी वळायचीच न्हाई, आन् पुढं पुढं कुणी मारीनाच. नवऱ्याचं नाव तर तोंडानं कवा घेतलंच नव्हतं, मनातनंबी काढून टाकलं.

माघारी आलेल्या बाईचं काय असतं ते तुला ठावं हाय. तुज्या नवऱ्यानं मला कदी वावगा शब्द बोलू दिला न्हाई कुणाला, हे बी लिही, त्याला वाचून दाखव. पण भावकीतल्या काकीचं तोंड कोण धरणार. ती दिसली की म्हणायची, गेलेली वस्तू माघारी आली की तिला मोल ऱ्हात न्हाई गं. ते वाक्य माज्या हाडात बसलं. म्हणून मी पुण्याला कामाला गेले, एरंडवण्यात एका बाईंकडं. बाई लई मायाळू. मला धोंडाबाई म्हणायच्या. त्यांची थोरली लेक मीच न्हाऊ-माखू घालून वाढवली.

इंग्रज जाऊन धा-बारा वरसं झाली असतील, तवा बाईंच्या मालकांना, म्हंजे साहेबांना, इराण देशात खुर्रमशहर नावाच्या बंदरावर यंत्रांचं काम लागलं. तितं बाईंना दिवस गेले. बाईंनी कळवलं, धोंडाबाई आली तरच माजं बाळंतपण नीट हुईल. मंग पासपोर्ट काढायचा. तलाठ्यानं दाखला दिला, त्यावर लिहिलं, सरस्वती भ्रतार महादू. मी म्हणाले, भाऊसाहेब, मी धोंडा. ते म्हणाले, लगीन झालेल्या बाईचं सासरचंच नाव सरकारात लागतं, नवऱ्यानं टाकलं म्हणून सरकार टाकत न्हाई. मी तोच दाखला घेऊन निघाले. पासपोर्टावरचा फोटो तर असा की पदर कपाळापतुर, तोंड सगळं काळं, ती मी हाय का दुसरी कोण, माजं मलाच सांगता आलं नसतं.

बोटीचं काय सांगू तुला, लई दिवस पाणीच पाणी, वकून वकून जीव गेला. पण पोचले. बाळंतपण केलं, मुलगा झाला, गोरापान. बाईंनी मला आंगणाकडंची एक खोली दिली, लहानशीच, पण तिला आतनं कडी. हिरा, आतनं कडी असलेली खोली मला जल्मात पयल्यांदा मिळाली. रोज निजायच्या आदी मी उगीच दोनदा कडी काढायची आन् लावायची.

आता अडचण अशी झाली, मी गेले हुते पाहुणी म्हणून. पाहुणीची मुदत संपत आली. कामाला ऱ्हायचं तर पासपोर्टावर कामाचा शिक्का पायजे, व्हिसा म्हणत्यात त्याला, आन् कायदा असा की तो शिक्का त्या देशात बसून मिळत न्हाई, भायेर जाऊन, शेजारच्या देशात इराणची वकिलात असती तितनं आणायचा. शेजारचा देश म्हंजे नदीपलीकडं, बसरा. आपल्या नथीतला मोती बसऱ्याचा असतो एवढंच मला ठावं, शिक्काबी तितंच मिळतो हे कुणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, जाशील तोच मुदतीचा शेवटचा दिवस, त्या दिवशी शिक्का मिळाला न्हाई तर मुदत संपली, मंग पुढच्या बोटीनं मुंबई, माज्या हातात काय न्हाई. बाई रडायला लागल्या. मी रडले न्हाई, मला काकीचं वाक्य ऐकू यायला लागलं. एकदा सासरनं माघारी पाठवली, ते सोसलं. दुसऱ्यांदा माघारी पाठवलेली बाई हुयाचं न्हाई, एवढंच मनात.

साहेबांच्या कचेरीतला नायर म्हणून बाबू माज्यासंगं दिला. त्याची हिंदी लंगडी, माजीबी लंगडी, दोघांची मिळून दोन पायांवर उभी ऱ्हायची. होडीनं निघालो. दोन्ही काठांनी खजुराची बनं, पाणी संथ, आपल्या धरणासारखं. मला उगीच वाटलं, ह्या पाण्याखालीबी कुणाचं गाव असंल.

वकिलातीत लांब बाकडी. शिपायानं कागद आत नेले, म्हणाला बसा, हाक मारू. माज्या शेजारी एक अरबी बाई, काळं पांघरलेली, तिच्या हनुवटीवर गोंदलेलं. तिनं माजा हात धरला, माज्या मनगटावरचं गोंदण बघितलं, आन् आपली बाही वर करून तिचं दाखवलं. दोघी हसलो. भाषा न्हाई काय न्हाई, पण सुई दोघींनी सोसलेली.

शिपाई येतो, नाव वरडतो, माणूस उठतो, असं चाललेलं. एक नाव त्यानं वरडलं, कुणी उठलं न्हाई. परत वरडला. मी इकडं तिकडं बघते, कोण बाई ही, एवढी हाक मारतोय तर उठत का न्हाई, भैरी हाय का काय. नायरबी बघतोय. तिसऱ्यांदा वरडून त्यानं हात झटकला आन् आत गेला. हळूहळू बाकडी रिकामी झाली. आमी बसलेलोच. शेवटाला नायर खिडकीवर गेला, म्हणाला, आमच्या धोंडाबाईंचं काय झालं. आतला अंमलदार म्हणाला, धोंडाबाई नावाचा पासपोर्टच न्हाई, सरस्वतीचा हाय, तिला तीनदा हाक मारली. तर हा शाणा काय म्हणतो, सरस्वती आमच्यात कुणी न्हाई.

हिरा, तवा माज्या टाळक्यात उजेड पडला. हाक मलाच हुती. मीच बसून ऱ्हायले हुते.

मी धावत गेले, छातीवर हात मारून म्हणाले, मी, मी सरस्वती. अंमलदारानं एका हातात पासपोर्ट धरला, एका हातात साहेबांची चिठ्ठी. चिठ्ठीत साहेबांनी सवयीनं धोंडाबाई लिहिलेलं, की धोंडाबाईला आमच्या घरी काम हाय. तो म्हणाला, काम एकीला दिलंय आन् पासपोर्ट दुसरीचा हाय, आन् स्वताच्या नावाला तू उठत न्हाईस. दुसरी चिठ्ठी आणा, मंग बघू. नायर म्हणाला, आज मुदत संपती. त्यानं खांदे उडवले. डोळ्यांपुढं बोट आली, आन् धक्क्यावर काकी उभी.

तेवढ्यात माजं नऊवारी लुगडं बघून मागनं आवाज आला, ए बाई, तू पुन्याचा काय? वळून बघते तर एक म्हातारा इराणी, डोईवर टोपी, हातात जपमाळ, त्याच्याच कसल्या कामाला आलेला. मी म्हणाले, व्हय, भूगावकडची. म्हणाला, मी पुन्याच्या लष्करात, क्यांपात, हाटेल चालवला लई वरस, भूगाव, पौड, समदा ठावं हाय, तुमचा दूधवाला मला रोज पानी घालून दूध द्यायचा. मला रडू आन् हसू एकदम आलं. मी म्हणाले, बाबा, तुमी बी चहात तेवढंच पाणी घालत असाल, ते ऱ्हाऊ द्या, ह्याला सांगा की धोंडा आन् सरस्वती मीच, एक माहेरची, एक सासरची. तो लई हसला. मंग त्यानं अंमलदाराला त्यांच्या भाषेत सांगितलं, आन् मला बी मराठीत उलगडत गेला, ह्या लोकांत पोरगी सकाळी एक असती, लगीन लागून संध्याकाळी दुसरी हुती, नवरा तांदळात नाव लिहितो. अंमलदार म्हणाला, तांदळात? म्हातारा म्हणाला, व्हय, आन् मंग तोच तांदूळ शिजवून खातात. ते काय खरं न्हाई, पण मी कशाला खोडून काढू.

अंमलदारानं थोडा इचार केला. मंग म्हणाला, बरं, पासपोर्टात नवऱ्याचं नाव लिहिलंय. ती त्याची बायको असंल तर तिनं ते सांगावं.

झालं. सगळे माज्या तोंडाकडं बघायला लागले. नायर म्हणतो, बोलो, बोलो. कशी बोलू. आपल्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेत्यात व्हय. नांदवलं न्हाई म्हणून काय झालं, जीभ उचलतच न्हाई. आन् त्यावर मी ते मनातनंबी पुसून टाकलेलं. अंमलदार म्हणाला, बघा, तिला नवऱ्याचं नावबी ठावं न्हाई. पासपोर्ट मिटायला लागला. तसा म्हातारा पुढं झाला, त्याचा हात धरला, सांगितलं, थांबा, ह्यांच्या बायका नाव असं घेत न्हाईत. आन् मला म्हणाला, ए बाई, लाजू नको, हळदीकुंकवाला घेतात तसा घे ना. माज्या हाटेलच्या मागच्या चाळीत मी लई ऐकलाय. उखाना घे.

वकिलातीत उखाणा. भिंतीवर त्यांच्या राजाची तसबीर, अंमलदाराच्या हातात टाक, आन् मी डोईवरचा पदर सारखा केला, नजर खाली घातली, आन् काय सुचलं देवाला म्हायती, म्हणाले,

धरणाकाठची पोर मी, आले नदीच्या तीरा,
महादूरावांचं नाव घेते, साहेब, शिक्का मारा.

म्हातारा वरडला, वा वा. त्या अरबी बाईला काय कळलं कुणास ठावं, पण सूर कळला असंल, तिनं लग्नात करतात तसा जिभेनं लुलुलु असा आवाज काढला, सगळी कचेरी दणाणली. अंमलदारानं पासपोर्टावर बोट ठेवलं, महादू, महादू, असं स्वताशीच वाचलं. मंग त्यानं चिठ्ठीवर धोंडाबाईच्या म्होरं सरस्वती असं आपल्या हातानं जोडून घेतलं, म्हाताऱ्याची साक्ष म्हणून सही घेतली, माजा अंगठा घेतला, आन् शिक्का मारला. असा जोरात मारला की दौत हलली.

आन् खरं सांगू, हिरा, ते नाव घेताना मला वाटलं हुतं, काळीज तुटंल. काय झालं न्हाई. दात पडून गेल्यावर तितं जीभ जाती ना, पोकळ लागतं, पण दुखत न्हाई, तसं. होडीत बसले आन् मीच मनात म्हणाले, महादूराव, नांदा सुखानं. तुमच्या घरनं लुगडं आणलं न्हाई, डोरलं आणलं न्हाई, पण तुमच्या घरचं नाव आज कामाला आलं.

बाई वऱ्हांड्यात पोर घेऊन उभ्याच. लांबनंच म्हणाल्या, धोंडाबाई, मिळाला का? मी म्हणाले, धोंडाबाईला न्हाई मिळाला, सरस्वतीला मिळाला. सरस्वती कोण, म्हणाल्या. मी म्हणाले, माजीच थोरली बहीण म्हणा. रात्री खोलीची कडी लावली ती एकदाच. परत काढून बघितली न्हाई.

पुढं पोरं मोठी हुईपतुर ऱ्हायले, साहेबांचं काम संपलं तसे सगळे संगंच आलो. माघारी पाठवलेली न्हाई, हिरा, माजी मी आले. काकीनं आदी खजूर खाल्ला, मंग इचारलं, बरी हायस ना. चांगलं चाललंय आता. हितं माजी खोली हाय, कडी हाय, तुमी हाय.

पण एक गोष्ट सांगते, आन् ही मोठ्या अक्षरात लिही. आता तुज्या लेकाचं लगीन आलंय. ताटात तांदूळ पसरतील, त्याला म्हणतील लिही. त्याला सांग, पोरगी जे नाव घेऊन येती तेच लिही. मांडवात लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. उद्या कुठल्या मुलखात, कुठल्या कचेरीत तिला कुणी हाक मारली, तर ती पयल्या हाकेला उठली पायजे.

मान का खाली घातलीस? तू बी काय हिरा म्हणून आली नव्हतीस. तुजा बाप तुला सोडायला आला तवा दारात उभा ऱ्हाऊन काय म्हणाला ते मी ऐकलंय. सांभाळा आमच्या बायडाला, म्हणाला.

बायडे.

बघ, किती झटक्यानं वर बघितलंस. औक्षवंत हो माजी बाय.