सोवळ्यातली माशी

...आणि वर मलाच म्हणतो कसा, "अगं, विकत घेतली तर शंभर रुपये, घरी बांधली की फुकट!" फुकट! तुम्हाला सांगते, या शब्दाची मी इतकी धास्ती घेतलीय की भाजीवाल्यानं कढीपत्ता फुकट दिला तरी छातीत धडधडतं.

तुम्ही म्हणाल, माशी कोण विकत घेतं? मीही तेच म्हटलं होतं! गूळ उघडा ठेवा, हव्या तेवढ्या येतील. पण ही माशी तशी नव्हे हो. आमचा गंधार, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरवाला. कंपनीनं सहा महिने अमेरिकेला पाठवला. लोकांचे नवरे येताना चॉकलेटं आणतात, कॅमेरा आणतात... हा गळ घेऊन आला! तिकडे म्हणे गळाला गांडूळ लावत नाहीत, हुकावर पिसं नि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, माशाला ती खरी वाटते आणि तो फसतो. बरं, फसला की खायचा? छे! आम्ही पक्के शाकाहारी. पकडायचा, न्याहाळायचा आणि सोडून द्यायचा. आता मला सांगा, हा मासा पकडणं झालं की मुलगी बघण्याचा कार्यक्रम?

तिकडून आणलेल्या माश्या इथे तमिळ मुलखात, आमच्या गावाजवळच्या मुट्टुकाडूच्या खाडीवर एका सकाळीत संपल्या. एक झाडात अडकली, एक होडीवाल्याच्या लुंगीत, आणि लुंगीत होडीवाला होता हो! बाकीच्या कुठे गेल्या ते खाडीला माहीत. पुन्हा मागवायच्या तर टपालखर्चासकट एकेक शंभराला. झालं! ह्याच्या डोक्यात किडा शिरला. घरी बांधली की फुकट!

त्या फुकटासाठी इथल्या पॅरीजच्या बाजारातून लोखंडी पकड आली, भिंग आलं, हूक आले, मान वळणारा दिवा आला. पहिली माशी बांधायला अख्खा रविवार गेला. ती त्यानं कौतुकानं जेवणाच्या टेबलावर ठेवली. आणि मी ही अशी, कुकरची शिट्टी झाली तरी रामराम म्हणणारी... दिसली माशी, हातात पेपर, फाट्!

"अगं, ती माझी होती!"

म्हटलं, अरे, माशीवर कुणी नाव घालतं का?

पण हे तर काहीच नाही. माशीला लागतात पिसं. कोंबड्याच्या मानेची. आणि आम्ही राहतो कुठे? वेस्ट मांबलमला, व्यासराजरावांच्या माडीवर! हे घर कसं मिळालं ते माझ्या चपलांना विचारा. जिथे जावं तिथे तेच, बॅचलर नको, मांसाहारी नको. हे मालक तंजावरचे मराठी, आपल्या भाषेची माणसं म्हणून दार तरी उघडलं. तरी त्यांच्या अंबुजामामींनी मुलाखत घेतलीच. त्यांचं मराठी तंजावरला कधीकाळी आलेलं, वर तमिळ हेल.

"अंडं खातां कां मा?"

"नाही मामी."

"केक?"

"बिनअंड्याचा, मामी!"

"वास आला तर त्याच दिवशीं घर खालीं करायचं. सरी?"

सरी म्हणजे ठीक. मी इतक्या घाईनं सरी म्हटलं की मामींनाच संशय आला.

आणि त्या घरात हा माणूस कोंबड्याची पिसं पिशवीभर घेऊन आला! "चिकनवाला टाकूनच देतो गं. घरी बांधली की फुकट!" अरे, घर राहिलं तर घरी बांधशील ना?

माझ्या शांपूनं धुतली हो ती पिसं! कंडिशनरसुद्धा लावला! आणि हॉलभर वाळत घातली. मे महिना, करंट गेलेला, पंखा बंद. तेवढ्यात बेल वाजली. मी टुणकन उडाले. दार बोटभर उघडलं, तर मामी, हातात सांबाराचं पातेलं. आता आपली मराठी जीभ कशी मेली, दारात माणूस दिसलं की सवयीनं म्हणते, "या ना!" त्या आल्या, आणि करंटही आला. पंखा पाचावर!

काय सांगू तुम्हाला... सगळा हॉल कोंबडा होऊन उडत होता! एक पीस गिरक्या घेत घेत आलं आणि सांबारात बसलं.

मी म्हटलं, "उशी फाटली, मामी."

मामींनी ते पीस दोन बोटांनी वर धरलं. "उशीला मान होती कां मा?"

मग "अहो!" अशी हाक गेली आणि व्यासराजराव वर आले. माझ्या डोळ्यांपुढे सामानाचा टेंपो उभा. गंधार आपला इंग्रजीतून समजावतोय, आम्ही खात नाही, पकडून सोडतो. मामी म्हणाल्या, "खात नाहीं, तर त्या बापड्याला पाण्याबाहेर बोलावतां कशाला?" टाळ्याच वाजवणार होते मी! हाच माझा प्रश्न!

राव बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी निराळंच विचारलं. "विकत केवढ्याला?"

"शंभर."

"आणि घरीं?"

"फुकट!" गंधार छाती काढून म्हणाला.

राव मामींकडे वळले. "राहूं दे गं. इतका चिकट माणूस भाडं बुडवत नाहीं. फुकट नासधूस करणारा नव्हे हा."

मामींनी विचार केला. "सरी. पण कोंबडं नको. सोवळ्याला जें चालतं तेंच बांधायचं. मोरपीस चालतं. रेशीम चालतं. जर चालते."

"रेशीम नि जर कुठून आणू?" असं म्हणत गंधारनं मान वळवली. रावांनी वळवली. मामींनीही वळवली. तिघं माझ्या कपाटाकडे बघत होते... आणि कपाटात माझी लग्नातली पैठणी!

"अगं, फक्त आतला काठ. निऱ्यांत कुणाला दिसतोय?"

एकीकडे घर, एकीकडे काठ. काय करणार? म्हटलं, सरी.

गेल्या रविवारी त्या काठाच्या माशीला लागला हो मासा! एवढा थोरला! गंधार नाचतोय काय, ओरडतोय काय, आणि तेवढ्यात तट्‌दिशी दोरी तुटली. मासा गेला, माशी गेली, काठ गेला. आता मुट्टुकाडूच्या खाडीत कुणीतरी माझी पैठणी मिरवत फिरतंय. फिरू दे. या सगळ्या उठाठेवीत ती फुकट पडली असेल, तर एकट्या त्या माशालाच!