खरखर करणारा चार्जर

बल्ब घ्यायला दुकानात उभी होते. पुढच्या बाई मोबाइलचा चार्जर परत करायला आल्या होत्या.

“बिघडला का, काकू?” दुकानदारानं विचारलं.

“बिघडला असता तर बरं होतं. याच्यानं खरखरच होत नाही.”

“मग चांगलंय की!”

“तुम्हाला काय जातंय बोलायला! आमच्या ह्यांना हॅम रेडिओची हौस. गच्चीवर एरियल, कानाला हेडफोन आणि परदेशातल्या कुणाशी तरी गप्पा. माझी हाक कुठली ऐकू येतेय! जुना स्वस्तातला चार्जर लावला, की रेडिओत अशी खरखर व्हायची की चिडून उठायचे आणि जेवायला बसायचे.”

“त्यांना माहीत नाही?”

“छे! तीन वर्षं शोधतायत खरखर कुठून येते ते. शेजाऱ्यांच्या फ्रिजवर संशय आहे. परवा तो जुना चार्जर जळला, हा नवा नेला, तेव्हापासून मी एकटीच जेवतेय. त्या जुन्यासारखाच द्या.”

“शेवटचा सकाळीच गेला. एक काका आले होते, गळ्यात हेडफोन. म्हणाले, खरखर करणाराच द्या, त्याशिवाय ताट वाढलेलं कळत नाही.”

बाईंनी हातातला चार्जर काउंटरवर आपटला.

“म्हणजे ते चिडणं नाटक होतं? आणि मी मेली वाईट वाटून तीन वर्षं रोज गोडाचं करतेय!”