पांढरीखालचं गाव

शिकागोजवळ शॉमबर्गला जॉब लागायच्या आधी मी एमएस करत होतो ना, तेव्हा कॅम्पसवर एका म्हाताऱ्या प्रोफेसरांकडे काम होतं. बायबलमधली हरवलेली गावं ते उपग्रहाच्या जुन्या फोटोंवर शोधायचे. मी फक्त फोटो स्कॅन करायचो. एका गावाची जागा म्हणून दोन टेकाडं समोर होती आणि उन्हाळ्यात त्यातलं कुठलं खणायचं, ते काही ठरत नव्हतं.

मी सहज म्हणालो, "सर, हे फिकट आहे ना, इथे वस्ती होती. दुसरी नुसती टेकडी आहे."

"कशावरून?"

"आमचं गाव अशाच पांढरीवर आहे. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख आणि पडलेल्या भिंती मिसळून माती पांढरी होते. शेतं काळीत, घरं पांढरीत."

त्यांनी तो फिकट ठिपका स्क्रीनवर मोठा केला. मला त्या ठिपक्यावर आमच्या घराचा धूर दिसायला लागला.

मग त्यांनी हळूच विचारलं, "मग तुमच्या गावाखाली गाडलेल्या गावाचं नाव काय होतं?"

रविवारी कॉलिंग कार्डावरून गावी आमच्या आण्णांना फोन करून विचारलं.

"अरे," आण्णा म्हणाले, "इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहतोय, नाव विचारायचं राहूनच गेलं."