काळा कागद

कशाला बोलायला लावता हो, डॉक्टरीणबाई? चौथी नापास शिपाई मी. तात्यासाहेबांचं संशोधन लिहायचं तर त्यांचे कागद वाचा की! — काय? रक्ताच्या नळ्या कोण न्यायचं, ते त्यात नाय? मी न्यायचो. फकिरा. दवाखान्यातून प्रयोगशाळेत, सायकलवर. झालं? नाय झालं? बसा मग.

तात्यासाहेब म्हंजी आमचे मोठे डॉक्टर — नव्या लेकरांच्या काविळीवर काम करायचे. मला समजंल असं सांगायचे — फकिरा, रक्तात अल्बुमिन नावाचा हमाल असतो, तो पिवळं बिलिरुबिन पाठीवर वागवतो. वझं लई झालं की खाली सांडतं, अन् सांडलेलं थेट मेंदूत शिरतं. आकडा विसावर गेला की लेकराचं रक्त बदलायचं. आन् नळीला उजेड दाखवायचा नाय, उजेडात पिवळं मरतं, आकडा खोटा येतो. म्हणून एक्सरेच्या फिल्मचा काळा कागद गुंडाळायचा. एवढंच माझं काम — कागद सांभाळायचा.

नामांतराच्या दंगलीचं साल. चौकाचौकात बंदोबस्त. भर दुपारी हवालदारानं अडवलं — काळ्या कागदात काय रे, बॉम्ब? — लेकराचं रगात हाय, म्हणलं. त्यानं कागद सोडला, बघितलं, कागद दिला रस्त्यावर टाकून. जा म्हणला. गेलो का? नाय गेलो! तू टाकलास, तूच उचल, म्हणलं. तो उचलंना, मी हलंना. तासभर — नळी ह्या हातात, अशी, उन्हात... तो हसत होता हो! हसत होता म्हणून — नायतर मी कशाला — शेवटी मीच उचलला. मीच गुंडाळला.

नळी बानाबाईच्या पोरीची. फुलंब्रीकडची, मेंढरामागची बाई. नवरा चिकलठाण्याला कंपनीत नवाच लागलेला. पोर तीन दिसांची, तळपायापतुर हळदीवानी. आन् आकडा आला बारा. तात्यासाहेब पोरीकडं बघतेत, आकड्याकडं बघतेत. मला व्हरांड्यात बोलावलं — फकिरा, कागद होता ना? व्हय, म्हणलं. खोटं नाय ते! पोचलो तवा होताच की.

रक्त बदललं नाय. दुसऱ्या दिवशी पोर कमानीवानी ताठली. जगली — पण कानानं ऐकू येईना, मान ठरंना. आन् ती बानाबाई! माझ्या पाया पडली, उन्हातान्हात रगात नेलं म्हणून.

तुम्ही खाली काय बघता? मी नाय रडत. राग येतो मला. त्यांना डोळ्यानं दिसत होतं ना? एवढा शिकलेला माणूस! माझ्या थोबाडीत मारून इचारायचं — खरं बोल. नाय. 'बरं' म्हणले नुसतं, आन् आत गेले. माझ्यासारख्यावर इस्वास ठेवला! बानाबाईपुढं हात जोडले, चूक माझी म्हणले, तिच्या नवऱ्यापुढं जोडले. माझ्याकडं बघितलं बी नाय. जावा आता, ऊन उतरलं. तात्यासाहेबांनी अजून एका माणसाची माफी मागायची ऱ्हायलीय — माझी.