मागावरून उतरवलेला स्कार्फ

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांच्या आईला आत तपासायला नेलं होतं.

"चार घास खायची, तेही बंद केलंय. कधीपासून ते तुला ठाऊक आहे."

"ताई, पुन्हा तेच नको. तिचा तो एवढासा हातमाग टेबलावर नुसता धूळ खात होता."

"धूळ? उजवा हात गेला तरी रोज सकाळी त्याच्यापुढे बसायची ती. डाव्या हाताने सुताचा धोटा ताण्यातून सरकवायची. खाली पडला की मला हाक, धोटा दे गं."

"आणि दिवसाकाठी नखभर वीण! अशाने स्कार्फ व्हायला जन्म गेला असता."

"जाऊ दे की. तेवढ्यासाठीच तर अंथरुणातून उठत होती."

"मला वाटलं, तयार करून हातात दिला तर खूश होईल. म्हणून झाला होता तेवढाच कापून उतरवला, टोकं शिवली."

"मला विचारायचं तरी."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. 'कुणी संपवला?' एवढंच बोलली आई आणि भिंतीकडे वळली. तेव्हापासून तशीच."

"माझ्यासाठीच विणत होती ना? मग माझाच होता तो."

"तुझाच गं बाई. पण आत जाताना गळ्यातून काढ. तिच्या नजरेला पडायला नको."

"काढतेच आहे. तसाही याचा एक वेढासुद्धा बसत नाही."